रॅम मागण्याआधी

चि. केतकी हिस,


क्वेरी एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत दोन सेकंदांत येते आणि तीच रिपोर्टमधून चालवली की चार मिनिटं चक्र फिरत राहतं, म्हणून तू सर्व्हरला जास्त रॅम मागणार आहेस असं कळलं. जरा थांब. आधी वेळ नेमका कुठे जातोय ते बघ.

रिपोर्टिंग सर्व्हिसेस हा हिशेब स्वतःच ठेवते. रिपोर्टसर्व्हर डेटाबेसमधला 'एक्झिक्युशनलॉग३' हा व्ह्यू उघड. रिपोर्ट जितक्यांदा चालला तितक्यांदाचे तीन आकडे मिलिसेकंदांत दिसतील: डेटा आणण्याचा वेळ, प्रोसेसिंगचा आणि रेंडरिंगचा. शेवटचे दोन मोठे असतील तर इंडेक्सच्या मागे लागू नकोस. लाखो ओळी रिपोर्टमध्ये ओतून तिथे बेरजा करण्यापेक्षा 'ग्रुप बाय' डेटाबेसमध्येच कर. पानाच्या तळाशी एकूण पानांची संख्याही छापू नकोस. तेवढ्यासाठी पहिलं पान दिसण्याआधी सगळा रिपोर्ट मांडावा लागतो.

पहिला आकडा मोठा असेल, तर खरं काम तिथे आहे. तू चालवतेस ती आणि रिपोर्ट चालवतो ती क्वेरी सर्व्हरच्या दृष्टीने एक नाही. तू शाखेचा कोड थेट लिहितेस, रिपोर्ट तो पॅरामीटर म्हणून पाठवतो. पहिल्यांदा आलेली किंमत पाहून सर्व्हर प्लॅन बनवतो आणि पुढे तोच वापरतो. सकाळी कुणी लहानशा शाखेचा रिपोर्ट काढला, तर मोजक्या ओळींना सोयीचा नेस्टेड लूपचा प्लॅन कॅशमध्ये बसतो. दुपारी मुख्य शाखेच्या लाखो नोंदींवर तोच चालतो आणि रिपोर्ट अडकतो. यालाच पॅरामीटर स्निफिंग म्हणतात.

तुझ्याकडे हे दिसत नाही, कारण स्टुडिओ 'ॲरिथअबॉर्ट' हे सेटिंग चालू ठेवून जोडला जातो आणि रिपोर्टचं डॉटनेट कनेक्शन ते बंद ठेवून. सेटिंग वेगळं की कॅशमधला प्लॅनही वेगळा. तेव्हा स्टुडिओत 'ॲरिथअबॉर्ट' बंद कर, क्वेरी 'एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल'मधून त्याच पॅरामीटरसह चालव; मग बहुधा तुलाही चार मिनिटं लागतील. प्रोसीजरमध्ये 'ॲरिथअबॉर्ट ऑन' लिहून रिपोर्ट सुधारल्याचं अनेकजण सांगतात. त्यावर विसंबू नकोस. नवा प्लॅन बनला म्हणून तो सुधारलेला असतो, दुखणं तसंच राहतं.

प्लॅनमध्ये 'कन्व्हर्ट इम्प्लिसिट' दिसतंय का, तेही तपास. रिपोर्टमधला मजकूर एनव्हारचार म्हणून जातो. कॉलम व्हारचार असेल, तर काही कोलेशनमध्ये इंडेक्स असूनही अख्खं टेबल वाचलं जातं. पॅरामीटर क्वेरीतच व्हारचार करून घे.

रिपोर्ट दिवसातून थोड्याच वेळा निघत असेल, तर क्वेरीच्या शेवटी 'ऑप्शन रीकंपाइल' बेधडक लाव. दर वेळी प्लॅन नव्याने बनेल, पण त्याचा खर्च चार मिनिटांपुढे काहीच नाही. सेकंदाला शेकडो वेळा चालणाऱ्या क्वेरीला मात्र हा उपाय करू नकोस.

लॉगमधले तीन आकडे आणि तुझा व रिपोर्टचा असे दोन्ही प्लॅन मला पाठव. तोवर रॅमचा अर्ज टेबलावरच राहू दे.

तुझा,
मामा