कोलब्रूकडेलची जुनी भट्टी

लोखंड हें घरांतील खिळ्यापासून आगगाडीच्या रुळापर्यंत सर्वत्र दिसतें. परंतु तें दगडांतून कसें निघतें, हें समजून घेण्याचा योग विद्यार्थ्यांस क्वचितच येतो. इंग्लंडांत श्रॉपशायर परगण्यांत सेव्हर्न नदीजवळ कोलब्रूकडेल नांवाचें एक चिंचोळें खोरें आहे. तेथें लोखंडाची एक जुनी भट्टी जपून ठेविली आहे. बर्मिंगहॅम येथें राहणाऱ्या मामांकडे आम्ही सर्व मंडळी गेलों असतां ती पाहावयास मिळाली.

भट्टी म्हणजे विटांचा व दगडांचा, जाड भिंतींचा एक ठेंगणा मनोरा. १९५९ सालीं माती उकरून ती मोकळी करण्यांत आली व पुढें तिच्यावर छप्पर घालण्यांत आलें. धाकट्या बहिणीला ती पडक्या देवळासारखी वाटली. खरें सांगावयाचें तर प्रथमदर्शनीं मलाही. कमानीवरील लोखंडी तुळयांपैकीं एकीवर अब्राहम डार्बी हें नांव व १७७७ हें साल उठावाच्या अक्षरांत आहे.

अशा भट्टीचें तोंड वर असतें, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. मजूर वरून लोहखनिज, कोळसा व चुनखडी हीं ओतीत. खालून पाणचक्कीवर चालणारे प्रचंड भाते हवा फुंकीत. जळत्या कोळशापासून निघणारा वायु खनिजांतील प्राणवायु ओढून घेई व लोखंड मोकळें होई. चुनखडी खनिजांतील मातीशीं मिळून तिचा पातळ मळ बनवी. तो हलका म्हणून वर तरंगे आणि लोखंडाचा रस तळाशीं साचे. तळाचें भोंक फोडलें कीं रस वाळूंतील पाटांत धांवे. मधला पाट मोठा व त्याला लहान लहान फांटे, यावरून कामकऱ्यांस पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीची आठवण झाली. म्हणून अशा लोखंडास इंग्रजींत डुकराचेंच नांव पडलें आहे.

भट्टी एकदां पेटली कीं ती महिनेच्या महिने, रात्रंदिवस चालू ठेवावी लागे. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं भाते थांबत. म्हणून १७४३ च्या सुमारास वाफेचें यंत्र बसवून, खालीं वाहून गेलेलें पाणी पुन्हां वरच्या तळ्यांत चढवूं लागले. पाणी चढवावयास वाफ आणि भाता हलवावयास पाणी, हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं, असें मीं विचारलें. बाबांनीं सांगितलें कीं, त्या वेळचीं यंत्रें नुसता पंप ओढीत. त्यांच्याकडून चाक फिरवून घेण्याची युक्ति अजून साधावयाची होती.

या भट्टीची कीर्ति झाली ती मात्र कोळशामुळें. पूर्वीं भट्टींत लांकडी कोळसाच जाळीत. त्यासाठीं रानें तोडावीं लागत. दगडी कोळसा मुबलक होता, परंतु त्यांतील गंधक लोखंडांत उतरून तें ठिसूळ होई. बिडाचीं भांडीं वाळूच्या सांच्यांत ओतण्याचें पेटंट ज्यानें १७०७ सालीं घेतलें होतें, त्या अब्राहम डार्बीनें पुढच्या वर्षीं ही मोडकी भट्टी भाड्यानें घेतली आणि १७०९ सालीं तींत कोक घातला. कोक म्हणजे हवा कोंडून भाजलेला दगडी कोळसा. भाजतांना त्यांतील बराच गंधक निघून जातो. येथील कोळशांत गंधक मुळांतच कमी, हेंही त्याचें दैव.

कोकवर काढलेला रस पातळ भांडीं ओतावयास उत्तम ठरला. पण घणाखालीं घडावयास तें लोखंड चांगलें नव्हतें. त्यामुळें इतर कारखानदारांनीं पुढें चाळीस वर्षें तरी लांकडी कोळसा सोडला नाहीं. शोध लागला आणि जग बदललें, असें पाठ्यपुस्तकांत एका ओळींत असतें; येथें तसें घडलें नाहीं. डार्बी १७१७ सालीं, चाळिशीही न गांठतां वारला. कारखाना पुढें मुलानें व नातवानें वाढविला.

या भागांत पूर्वीं खाणींतून काढलेल्या मातींतून लोहखनिजाचे गोळे वेंचण्याचें काम बायका व मुली उघड्यावर, हातांनीं करीत. तें ऐकून आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तुळईवरील अक्षरांकडे पाहून म्हणाली, "यांचें नांव आहे, त्या मुलींचीं कोठें आहेत?" बाबांनाही उत्तर देतां आलें नाहीं.

भट्टीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर सेव्हर्नवरील प्रसिद्ध लोखंडी पूल आहे. आराखडा टॉमस प्रिचर्ड याचा. बांधणारा पहिल्या डार्बीचा नातू, तिसरा अब्राहम डार्बी. पूल १७७९ सालीं उभा राहिला व १ जानेवारी १७८१ रोजीं खुला झाला. कमान सुमारें १०० फूट, वजन ३७८ टन, आणि सुटे भाग जवळजवळ १,७००. ते सुताराच्या पद्धतीनें, कुसू भोकांत बसवून व पाचरी मारून जोडले आहेत. कारण लोखंडाचा एवढा पूल पूर्वीं कोणीं बांधलाच नव्हता, आणि कारागिरांस ठाऊक होती ती लांकडाची जोडणी. खर्च अंदाजाबाहेर गेला व नातू मरेपर्यंत कर्जांत राहिला. पण १७९५ च्या महापुरांत सेव्हर्नवरील पुष्कळ पूल मोडले, हा तसाच उभा राहिला.

पुलाच्या टोकाशीं टोलघर आहे. तेथील जुन्या दरपत्रकांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, शिपाई कामावर असो वा नसो, त्यानें टोल दिलाच पाहिजे, आणि राजघराण्यासही सूट नाहीं. बहिणीनें तें बाबांकडून दोनदां वाचून घेतलें. टोल १९५० सालीं बंद झाला. आम्ही सहाजण फुकट पलीकडे गेलों.