मापाचा उजेड

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात मोडनिंब नावाचे गाव आहे. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग या गावावरून जातो आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी आगगाडीही येथे थांबते. या गावातील एका घरी दोन भावंडे आपल्या आईवडिलांजवळ आणि आजोबांजवळ राहत. बहीण सातवीत होती. भाऊ पाचवीत होता. तो तिला ताई म्हणे.

उन्हाळ्याच्या सुटीत या भावंडांनी एक खेळपेटी तयार केली. सुताराकडून प्लायवुडचे उरलेले तुकडे आणले, ते कापून घासून त्यांची कपाटासारखी उभी पेटी केली, आणि मामांनी दिलेला जुना संगणक तीत बसवला. पेटीच्या पुढच्या बाजूस एक दांडी आणि दोन मोठी बटणे होती. पडद्यावर रस्ता दिसे व त्यावरून मोटार धावे. दांडीने मोटार वळवावयाची, एका बटणाने पुढे न्यावयाची आणि दुसऱ्याने थांबवावयाची, असा तो खेळ होता.

अशा पेट्या प्रथम परदेशांत निघाल्या. १९७२ साली अमेरिकेत 'पाँग' नावाचा चेंडूफळीचा खेळ अशाच उभ्या पेटीत लोकांसमोर आला. १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ निघाला. त्याचा पडदा केवळ काळा-पांढरा होता. त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून चित्रे रंगीत भासवीत. पुढे भारतातील शहरांतही नाणे टाकून खेळावयाच्या पेट्या आल्या. मोडनिंबच्या पेटीत मात्र नाणे टाकावे लागत नसे.

पेटी तयार झाली, त्या दिवशी सायंकाळी धाकट्याने आजोबांना हात धरून तिच्यासमोर बसवले. आजोबांची दृष्टी आता मंद झाली होती. पडदा उजळ असल्यामुळे मोटार त्यांना दिसली. परंतु काळ्या फळीवरील काळी बटणे काही दिसेनात. त्यांचा हात फळीवर चाचपडत राहिला. मोटार कडेला आदळली. पुन्हा खेळ सुरू केला. पुन्हा तेच झाले. आजोबा हसून म्हणाले, "तुम्ही खेळा, बाळांनो. मी बसतो बाहेर." आणि ते अंगणातील निंबाखाली जाऊन बसले.

ताईला ही गोष्ट लागून राहिली. आजोबांनी तरुणपणी कुर्डुवाडी जंक्शनवर बत्तीवाल्याचे काम केले होते. सिग्नलच्या खांबावर चढून रॉकेलची बत्ती लावावयाची, म्हणजे रात्री येणाऱ्या गाडीच्या चालकास लाल की हिरवा हे दुरून कळे. ज्यांनी इतरांना अंधारात वाट दाखवली, त्यांनाच आपल्या पेटीवरचे बटण दिसू नये! तिने ठरवले, की बटणांच्या आत दिवे बसवावयाचे.

सोलापूरला जाणाऱ्या मामांकडून तिने पारदर्शक टोपीची दोन बटणे आणि मुगाच्या शेंगेच्या टोकाएवढे बारीक एलईडी दिवे मागवले. चार लाल, चार हिरवे आणि सहा पांढरे. जुन्या मोबाईलच्या चार्जरची तार कापून तिने लाल व काळी अशी दोन टोके मोकळी केली. या टोकांत ५ व्होल्टचा दाब होता. तिने लाल दिव्याचे दोन पाय त्या टोकांना लावले. दिवा एकदम लख्ख पेटला, क्षणात नारिंगी झाला आणि विझला. जळका वास आला. दिवा सदोष असेल, असे वाटून तिने दुसरा लावला. त्याचीही तीच गत झाली.

"ताई, आता लाल दोनच उरले," धाकटा म्हणाला.

अंगणात बसलेल्या आजोबांना वास गेला होता. त्यांनी सर्व हकिगत ऐकून घेतली आणि विचारले, "कंदिलाची वात फार वर केली तर काय होते?"

"ज्योत भडकते आणि काच काळी होते," ताई म्हणाली.

"मग उजेड वाढतो की कमी होतो?"

"कमी होतो."

"म्हणून कंदिलाला वात खालीवर करण्याची चकती असते. तेल भरपूर असले तरी ज्योतीला मापानेच द्यावे लागते. तुमच्या या दिव्याची चकती कोठे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर ताईपाशी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या घरी गेली. बाईंनी एक दिवा हातात घेऊन तिला समजावून सांगितले.

साध्या बल्बमध्ये बारीक तार तापून पांढरीलाल होते व प्रकाश देते. एलईडीत अशी तार नसते. त्यात अर्धवाहक नावाच्या पदार्थाचा अगदी लहान स्फटिक असतो. विजेचा प्रवाह त्यातून जाऊ लागला, की त्यातील इलेक्ट्रॉन रिकाम्या जागी उतरतात आणि त्या वेळी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. तो प्रकाश कोणत्या रंगाचा असेल, हे त्या पदार्थावर अवलंबून असते. सिग्नलच्या बत्तीचा रंग पुढच्या काचेचा असे. एलईडीचा रंग त्याच्या स्फटिकातच असतो. १९६२ साली निक होलोनियाक या अमेरिकन शास्त्रज्ञाने डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. निळा प्रकाश मिळवणे मात्र फार कठीण गेले. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी ते साध्य केले, म्हणून त्यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला, म्हणजे आपल्याला पांढरा प्रकाश मिळतो.

"या दिव्याचे दोन गुण ध्यानात ठेव," बाई म्हणाल्या. "पहिला हा, की यातून वीज एकाच दिशेने जाते. महामार्गावर जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी असते ना, तसे. लांब पाय धन बाजूस आणि आखूड पाय ऋण बाजूस लावावा. उलट लावला तर दिवा पेटत नाही. दुसरा गुण हा, की याला स्वतःची मर्यादा कळत नाही. लाल दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात. दाब त्याहून थोडा वाढला तरी प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि स्फटिक जळून जातो. म्हणून त्याच्या वाटेत रोध ठेवावा लागतो."

असे म्हणून बाईंनी डबीतून रंगीत पट्ट्यांची एक लहानशी कांडी काढली. दुकानात तिला रेझिस्टर म्हणतात. ताईला एकदम आजोबांचा प्रश्न आठवला. कंदिलाच्या चकतीचे काम करणारी वस्तू तिच्या समोर होती.

रोध किती असावा, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. जर्मनीत शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवणारे गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली विजेचा दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध सांगणारा नियम प्रसिद्ध केला. त्यांच्याच नावावरून रोधाच्या एककाला ओहम म्हणतात. दाबाला प्रवाहाने भागले, की रोध मिळतो. चार्जरचा दाब ५ व्होल्ट. त्यातील २ व्होल्ट लाल दिव्याला लागतात, उरतात ३. दिव्यातून १० मिलीॲम्पिअर, म्हणजे ०.०१ ॲम्पिअर प्रवाह जावा असे ठरवले. ३ भागिले ०.०१ म्हणजे ३०० ओहम. दुकानात ३३० ओहमची कांडी सहज मिळते. तिच्यावर नारिंगी, नारिंगी आणि तपकिरी पट्टे असतात. पांढऱ्या व लख्ख हिरव्या दिव्यांना सुमारे ३ व्होल्ट लागतात, उरतात २. म्हणून त्यांना २०० ओहम हवेत. त्यासाठी २२० ओहमची कांडी घ्यावी. तिचे पट्टे लाल, लाल आणि तपकिरी. रोध हिशेबापेक्षा थोडा अधिक असला, तर दिवा किंचित मंद लागतो, पण टिकतो.

ताईने घरी येऊन लाल दिव्याच्या लांब पायाला ३३० ओहमची कांडी जोडली आणि टोके चार्जरच्या तारांना लावली. दिवा शांतपणे पेटला आणि पेटलेलाच राहिला. धाकट्याने आनंदाने टाळ्या वाजवल्या.

पेटीच्या माथ्यावर खेळाच्या नावाची पाटी होती. तिच्यामागे चार पांढरे दिवे लावण्याचे काम धाकट्याने मागून घेतले. त्याने एका दिव्याचा आखूड पाय दुसऱ्याच्या लांब पायाला, असे चारही दिवे माळेसारखे ओवले. परंतु एकही दिवा लागेना. ताईने हिशेब मांडला. प्रत्येकी ३ व्होल्ट म्हटले, तर चार दिव्यांना १२ व्होल्ट हवेत आणि चार्जर देतो फक्त ५. एका भाकरीत बारा जणांचे पोट कसे भरणार?

मग त्यांनी माळ सोडून शिडी केली. पेटीच्या आतून दोन लांब तारा नेल्या. लाल तार धन, काळी तार ऋण. शिडीच्या दोन उभ्या बाजूंमध्ये जशा आडव्या पायऱ्या असतात, तसा प्रत्येक दिवा आपापली कांडी घेऊन या दोन तारांमध्ये जोडला. अशा जोडणीत प्रत्येक दिव्याला पूर्ण दाब मिळतो आणि एक दिवा गेला तरी बाकीचे चालू राहतात. एकूण सहा दिवे झाले: चार पांढरे, एक लाल व एक हिरवा. प्रत्येकी सुमारे ९ मिलीॲम्पिअर म्हणजे सगळे मिळून सुमारे ५४. चार्जर १ ॲम्पिअरचा, म्हणजे १००० मिलीॲम्पिअर देणारा होता. तेव्हा त्याच्यावर भार पडण्याची भीती नव्हती.

तारा नुसत्या पिळून ठेवल्या तर पुढे सैल होतात. म्हणून वडिलांना जवळ बसवून ताईने प्रत्येक सांधा सोल्डरने पक्का केला. त्या वेळी चार्जर भिंतीच्या खटक्यापासून काढून ठेवला होता. धन आणि ऋण सांधे एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून प्रत्येकावर काळी टेप गुंडाळली. चार्जरचे कवच त्यांनी उघडले नाही. घराच्या भिंतीतील वीज २३० व्होल्टची असते. ती जिवावर बेतू शकते. तिच्याशी मुलांनी कधीही खेळू नये. ५ व्होल्टच्या बाजूस केलेली चूक एका दिव्याच्या किमतीत शिकवून जाते. भिंतीतली वीज ती संधी देत नाही.

तिन्हीसांजेला धाकट्याने आजोबांना पुन्हा पेटीसमोर बसवले. ताईने खटका दाबला. माथ्यावरची पाटी उजळली. काळ्या फळीवर डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवे, अशी दोन वर्तुळे उमटली.

आजोबांनी किंचित पुढे वाकून पाहिले आणि चाचपडल्याशिवाय हिरव्या बटणावर बोट ठेवले.

"हिरवा म्हणजे चल," ते म्हणाले. "आणि लाल म्हणजे थांब. होय ना?"

"होय, आजोबा. तुमच्यासाठीच तसे ठेवले आहे."

त्या सायंकाळी आजोबांची मोटार दोनदा उलटली आणि तिसऱ्यांदा शेवटपर्यंत पोहोचली. धाकटा त्यांच्या मांडीला टेकून वळणे सांगत होता. खेळ संपल्यावर ताई खटका बंद करावयास गेली, तेव्हा आजोबांनी तिला थांबवले.

"इतक्यात नको. बत्ती लावल्यावर आम्ही लगेच खांबावरून उतरत नसू. तापली की ज्योत हळूहळू वर चढते. म्हणून थोडा वेळ थांबून वात पुन्हा पाहावी लागे. तुझे दिवे आणखी थोडा वेळ जळू दे, मग हात लावून पाहा."

ताईने थोडा वेळ वाट पाहिली. मग खटका बंद करून पेटीचे मागचे दार उघडले आणि कांड्यांना, सांध्यांना बोट लावून पाहिले. सगळे थंड होते. तिने तसे आजोबांना सांगितले.

"मग आता उतरावयास हरकत नाही," आजोबा म्हणाले.

अभ्यास

१. आजोबांना पहिल्या दिवशी खेळता का आले नाही?
२. कंदिलाची चकती आणि रेझिस्टर यांच्या कामात कोणते साम्य आहे?
३. चार पांढरे दिवे माळेसारखे जोडल्यावर का पेटले नाहीत? शिडीसारख्या जोडणीचे दोन फायदे सांगा.
४. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एक लाल दिवा लावावयाचा आहे. त्यातून १० मिलीॲम्पिअर प्रवाह जावा यासाठी किती ओहमचा रोध हवा? हिशेब मांडा.
५. "मग आता उतरावयास हरकत नाही," असे आजोबा का म्हणाले?