दाखल्यावरची तारीख

घरातलं कोणी गेलं, तर तेरावा होईपर्यंत करबिराच्या कागदांना हात लावू नकोस. मग पहिलं काम, मृत्यूदाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून आण. पुढचा सगळा हिशेब त्यावरच्या तारखेवर चालतो.

१ एप्रिलपासून त्या तारखेपर्यंतचं उत्पन्न गेलेल्या माणसाचं. त्याचं रिटर्न त्यांच्याच पॅनवर, पण भरायचं वारसाने. तारखेनंतरचं उत्पन्न वारसाच्या रिटर्नमध्ये. समजा, माणूस २० नोव्हेंबरला गेला. एफडीवर त्या दिवसापर्यंत साठलेलं व्याज त्यांचं, पुढचं तुझं. बँकेला कळवलंच नाहीस, तर ती मार्चपर्यंत त्यांच्याच पॅनवर टीडीएस कापत राहील आणि निस्तरायला तुला लागेल.

त्यांचा फोन घरातच असतो, ओटीपीही येतो, म्हणून त्यांच्या लॉगिनने रिटर्न भरून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नकोस. गेलेल्या माणसाची सही चालत नाही, ओटीपीचीही नाही. आयकराच्या पोर्टलवर तुझ्या लॉगिनमधून कायदेशीर वारस म्हणून नोंदणी कर. त्यांचा पॅन, मृत्यूदाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. वारस दाखल्याला वेळ लागत असेल, तर सरकारी फॅमिली पेन्शनचं प्रमाणपत्र किंवा नोंदणी केलेलं मृत्युपत्रही चालतं. रिटर्नच्या मुदतीसाठी जुलै उजाडायची वाट पाहू नकोस.

मृत्यूनंतर मिळालेल्या विम्याच्या रकमेवर कर नाही. वारशाने आलेल्या घरावर, सोन्यावर, शेअर्सवरही नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. मात्र पुढे काही विकलंस, तर नफा त्यांच्या खरेदीच्या किमतीवरून मोजतात. म्हणून जुन्या पावत्या रद्दीत घालू नकोस.

फॅमिली पेन्शन करपात्र असते, आणि त्यांना स्वतःच्या पेन्शनवर नव्या करपद्धतीत मिळायची ती ७५,००० ची वजावट तुला नाही. नव्या करपद्धतीत पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतलं जे कमी ते वजा होतं. जुन्या पद्धतीत ही मर्यादा १५,००० आहे.

मागच्या वर्षांची नोटीस आली, तर उत्तर द्यावं लागतं. पण त्यांच्या कराची जबाबदारी त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच. तुझ्या स्वतःच्या कमाईतून ती भागवायची नसते.

आणि त्यांचा पॅन लगेच परत करू नकोस. शेवटचं रिटर्न भरलं, परतावा जमा झाला, खाती तुझ्या नावावर झाली, की मगच.