तुकारामांच्या साधनेमागील प्रेरणा : दुष्काळाच्या पलीकडे

तुकारामांच्या परमार्थप्रवृत्तीची मीमांसा करताना चरित्रकारांनी १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. या दुष्काळात त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून मृत्यू पावली, व्यापार बसला, प्रतिष्ठा गेली. ही कारणमीमांसा चुकीची नव्हे, पण अपुरी मात्र आहे. दुष्काळाने असंख्य घरे उद्ध्वस्त केली. त्या साऱ्यांतून साधक निर्माण झाले नाहीत. शिवाय तुकारामांची साधना १६५० मधील निर्याणापर्यंत, म्हणजे सुमारे दोन दशके चालली. आघाताने माणूस देवाकडे वळतो हे समजण्यासारखे आहे. त्या आघाताची धार बोथट झाल्यावरही तो तेथेच का टिकून राहतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर दुष्काळात सापडत नाही.

गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी व ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. मराठी समीक्षेत ही विभागणी बहुधा चार निरनिराळ्या व्यक्तींची म्हणून वाचली जाते. तुकारामांच्या बाबतीत ती एकाच मनाच्या अवस्थांची ठरते, आणि या अवस्था पायऱ्यांसारख्या मागे पडतही नाहीत.

संतांच्या आग्रहावरून सांगितलेला त्यांचा प्रसिद्ध आत्मचरित्रपर अभंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात कौटुंबिक आपत्ती मोजक्या चरणांत आटोपतात. पुढचा विस्तार आहे तो अभ्यासाचा : भंगलेल्या देवळाचा जीर्णोद्धार, एकादशीचे कीर्तन, संतवचनांचे पाठांतर, गाणाऱ्यांमागे ध्रुपद धरणे, शरीर कष्टवून केलेला परोपकार. आरंभी या अभ्यासात चित्त नव्हते, असे ते स्वच्छ सांगतात. सत्यासत्याच्या निर्णयात बहुमताला न मानता स्वतःच्या मनालाच साक्षी केल्याचा उल्लेखही येथेच येतो. म्हणजे निवेदकाच्या स्वतःच्या दृष्टीने दुःख हे निमित्त आहे; महत्त्व आहे ते त्यानंतरच्या चिकाटीला.

ही चिकाटी कोठून आली? याचा माग तुकारामांच्या संशयाच्या अभंगांत लागतो. लोक संत म्हणतात, पाया पडतात, आणि आत मात्र साक्षात्काराचा पत्ता नाही, ही टोचणी त्यांत पुन्हापुन्हा व्यक्त होते. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या अवस्थेला आत्म्याच्या काळरात्रीची संज्ञा दिली आणि ती साक्षात्कारापूर्वीचा टप्पा म्हणून मांडली. गाथेतील अभंगांचा क्रम कालानुक्रम नव्हे; त्यामुळे ‘आधी रात्र, मग पहाट’ ही मांडणी आकर्षक असली तरी गाथेच्या आधारे सिद्ध करता येत नाही. संशयाचे अभंग सर्वच काळात विखुरलेले असणे तितकेच शक्य आहे.

कीर्तनकाराची अडचण अशी की, त्याची वाणी अनुभवाच्या पुढे धावते. दुसऱ्यांचे शब्द पाठ करून तो सभेत उभा राहतो आणि त्या शब्दांची जबाबदारी मात्र त्याच्यावर येते. सावकारी व वाण्याचा व्यवसाय असलेल्या घरातील या माणसाने ती जबाबदारी ऋणासारखी मानली. व्यापारी व्यवहाराची परिभाषा त्यांच्या अभंगांत वारंवार येते ती केवळ अलंकार म्हणून नव्हे. श्रोत्यांच्या बाबतीत ते ऋणको आहेत, कारण बोललेले अद्याप अनुभवाने फेडलेले नाही. विठ्ठलाच्या बाबतीत मात्र ते धनको आहेत आणि त्याने दिलेल्या ब्रीदाची वसुली मागतात. त्यांच्या करुणापर अभंगांत विनवणीच्या जोडीला जो उघड भांडखोरपणा आहे, तो या दुहेरी नात्यातून येतो. दुःख काळाने विरते. हिशेब तसा विरत नाही.

कवित्वाचा निषेध होऊन वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तेरा दिवस ते नदीकाठी अन्नपाण्याविना बसून राहिले, असे परंपरा सांगते. आत्मचरित्रपर अभंगात या बसण्यासाठी तुकारामांनी योजलेला शब्द तपश्चर्येचा नाही. तो ‘धरणे’ असा आहे : बुडीत येणे वसूल करण्यासाठी धनको ऋणकोच्या दाराशी उपाशी बसे, त्या जुन्या रिवाजाचा.