नागरिकत्वाचा फॉर्म कुठं भरायचा?

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा भिवंडीत यंत्रमागावर काम करणारे पालक शाळेत येऊन विचारायचे, "सर, नागरिकत्वाचा फॉर्म कुठं भरायचा?" दुरुस्तीत तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांचा उल्लेख होता, मुस्लिमांचा नव्हता. त्यामुळे इथे धास्ती होती. नियम आले थेट ११ मार्च २०२४ ला. तोवर अफवाच जास्त.

नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर दोन तारखा लिहा: १ जुलै १९८७ आणि ३ डिसेंबर २००४. प्रजासत्ताक झाल्यापासून पहिल्या तारखेच्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. तिथून दुसऱ्या तारखेच्या आधीपर्यंत जन्मला असेल, तर आई किंवा वडील नागरिक हवेत. त्यानंतर दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. म्हणजे आजी, बाबा आणि सहावीतली पोरगी, एकाच घरात तीन नियम! पण यात बसणाऱ्या कुणालाच अर्ज करायचा नाही. अर्ज बाहेरून आलेल्यांसाठी.

पुरावा मात्र लागू शकतो. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागणार.

आणि आपलंही थोडं चुकलंय बरं का. दाखला नसला की जनरल रजिस्टरला सरसकट '१ जून' टाकायची जुनी सवय! ऑगस्ट १९८७ च्या मुलापुढे १ जून १९८७ लिहिलं, की कागदावर त्याचा नियमच बदलतो.