एका '#'ची किंमत

मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलला पहिला प्रयोग ठरलेला असतो : एलईडी लुकलुकवणे. आपण सॉफ्टवेअर उघडतो, 'बिल्ड'चं बटण दाबतो आणि 'झीरो एरर्स' दिसलं की खूश! मीही त्यातलीच. पण एका मिनी प्रोजेक्टने मला चांगलाच धडा शिकवला, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडी ओळख. ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर इंटेलने १९८० मध्ये आणला. ४ केबी प्रोग्रॅम मेमरी, १२८ बाइट रॅम आणि ४० पिना. लॅबमधला ८९सी५१ त्याच घराण्यातला, अ‍ॅटमेल कंपनीचा (ही कंपनी २०१६ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतली). या चिपला आपले शब्द कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. शब्दांचे आकडे करून देतो तो असेंब्लर.

'असेम-५१' नावाचा असेंब्लर फुकट मिळतो. त्याला ना खिडक्या, ना बटणं. नोटपॅडमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, 'ब्लिंक.ए५१' नावाने सेव्ह करायचा आणि कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या पडद्यावर टाइप करायचं :

असेम ब्लिंक.ए५१

एंटर मारलं की दोन फाइली तयार होतात. 'ब्लिंक.हेक्स' चिपमध्ये भरायची. 'ब्लिंक.एलएसटी', म्हणजे लिस्टिंग, आपण वाचायची. असेंब्लर प्रोग्रॅम दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत कुठलं लेबल कुठल्या पत्त्यावर येतं ते टिपून घेतो आणि दुसऱ्या फेरीत आकडे भरतो. म्हणूनच 'डिले' हे लेबल खाली असलं तरी वरून त्याला हाक मारता येते.

आता प्रोग्रॅम. (मराठी विभाग म्हणून देवनागरीत देतेय, टाइप मात्र इंग्रजीतच करा!)

ऑर्ग ०
स्टार्ट: सीपीएल पी१.०
एकॉल डिले
एसजंप स्टार्ट
डिले: मूव्ह आर७, #४
एल१: मूव्ह आर६, #२५०
एल२: मूव्ह आर५, #२५०
एल३: डीजेएनझेड आर५, एल३
डीजेएनझेड आर६, एल२
डीजेएनझेड आर७, एल१
रेट
एंड

हा सगळा प्रोग्रॅम चिपमध्ये फक्त १९ बाइट जागा घेतो. क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचा असेल तर एक मशीन सायकल एक मायक्रोसेकंदाची. 'डीजेएनझेड'ला दोन सायकल लागतात. २५० गुणिले २५० गुणिले २ म्हणजे १,२५,००० मायक्रोसेकंद, साधारण सेकंदाचा आठवा भाग. तसं चार वेळा झालं की अर्धा सेकंद. म्हणजे एलईडी अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद.

आमचा एलईडी मात्र भलतंच करायला लागला. सप्लाय बंद करून पुन्हा चालू केला की वेग वेगळा! कधी भराभर, कधी वीस-पंचवीस सेकंद ढिम्म. सोल्डरिंग माझ्या पार्टनरचं, प्रोग्रॅम माझा. "असेंब्लर एरर नाही म्हणतोय, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे. तुझंच सोल्डरिंग कच्चं आहे गं," असं मी तिला अख्ख्या बॅचसमोर सुनावलं. बिचारीने क्रिस्टल दोनदा काढून लावला. दुसऱ्या वेळी तर पीसीबीचा तांब्याचा ट्रॅकच उखडला आणि रात्री जागून तिने नवा बोर्ड केला. सबमिशन चार दिवसांवर. नव्या बोर्डवरही तीच रड!

तेव्हा कुठे मी लिस्टिंग उघडली. ०००६ या पत्त्यासमोर लिहिलं होतं : एएफ ०४. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे तिथे ७एफ ०४ हवं होतं. त्याच ओळीत शेजारी माझे शब्द : 'मूव्ह आर७, ४'. # राहिला होता!

# असेल तर अर्थ होतो '४ हा आकडा घे'. # नसेल तर 'रॅममध्ये ४ नंबरच्या पत्त्यावर जे असेल ते घे'. तो पत्ता म्हणजे आर४. त्यात मी काहीच भरलं नव्हतं, त्यामुळे पॉवर आल्यावर तिथे कुठलाही आकडा असू शकतो. १ असेल तर डिले सेकंदाचा आठवा भाग, ० असेल तर २५६ फेऱ्या, म्हणजे ३२ सेकंद! दोन्ही वाक्यं असेंब्लरच्या व्याकरणात बसतात, मग तो एरर कशाला देईल?

कॉन्व्हेंटमध्ये असताना मराठीच्या पेपरात मी एकदा लिहिलं होतं, 'सुट्टीत आम्ही आबा खाल्ला.' आंब्यावरचा अनुस्वार राहिला. वाक्य व्याकरणात बसलं, पण आबांचं काय? असेंब्लरचंही तसंच आहे. आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न चुकला तर कास्टिंग हुबेहूब चुकीचंच निघतं, त्यात भट्टीचा काय दोष?

तेव्हा मित्रांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. 'झीरो एरर्स'चा अर्थ 'प्रोग्रॅम बरोबर' असा नाही, 'भाषा बरोबर' एवढाच आहे. हेक्स चिपमध्ये भरण्याआधी लिस्टिंग एकदा डोळ्यांखालून घाला, 'मूव्ह'च्या ओळी तर नक्कीच. आणि हार्डवेअरला, म्हणजेच पार्टनरला, दोष देण्याआधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासा.

मी # घातला, असेम पुन्हा चालवला आणि एलईडी शहाण्यासारखा लुकलुकला. मग बॅचसमोर सुनावलं होतं, तर सॉरीसुद्धा बॅचसमोरच म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आधी लिस्टिंग दाखव, मगच मी सोल्डरिंग गन हातात घेईन."