गठ्ठे बांधणारे दाबयंत्र : वापर व तपासणी

धान्याच्या व्यापारात फाटके बारदान, प्लास्टिकच्या गोण्या व पुठ्ठ्याची खोकी यांचा ढीग रोजच साचतो. पूर्वी हमाल हा माल पायांनी दाबून सुतळीने बांधीत. आता पुष्कळ पेढ्यांनी त्यासाठी विजेवर चालणारे उभे दाबयंत्र घेतले आहे. त्याने जागा वाचते, भंगाराचा व्यापारीही बांधलेला गठ्ठा खुशीने नेतो. परंतु हे यंत्र तराजूप्रमाणे कोणाच्याही हाती द्यावयाचे नव्हे.

त्याचे सामर्थ्य आपण व्यापाऱ्यांच्या रीतीने हिशेब मांडूनच पाहू. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली ज्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, त्याचेच तत्त्व येथे आहे. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोचतो. नळकांड्याचा व्यास साडेबारा सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो असला, की दट्ट्याचा भार १८ टनांवर जातो. म्हणजे ५० किलोंची साडेतीनशेहून अधिक पोती एकदम! आणि हा भार सावकाश उतरतो, हीच त्यातील फसवणूक. हात काढून घेण्यास अवकाश आहे असे माणसास वाटत राहते.

आमच्या माहितीतील एका पेढीवर दार उघडताच यंत्र थांबविणारी कळ तारेने बांधून ठेवली होती. हेतू इतकाच, की काम झपाट्याने व्हावे. बारदानाचे बाहेर आलेले टोक आत सारताना एका तरुण हमालाची चार बोटे गेली. पाठीवर पोते घेणाऱ्या माणसाचा हात गेला म्हणजे त्याच्या घरची चूल गेली. मालकांनी औषधोपचाराचा खर्च दिला. बोटे कोठून देणार?

म्हणून रोज सकाळी पहिली परीक्षा या कळेची करावी. रिकामे यंत्र चालू करून दार किंचित उघडावे. दट्ट्या तत्क्षणी थांबला पाहिजे. न थांबल्यास त्या दिवशी गठ्ठे बांधू नयेत. तांबडे थांबा-बटणही दाबून पाहावे. माल भरण्यापूर्वी आत डोकावावे. गोदामातील मांजरे बारदानाच्या उबेत पिले घालतात, हे आपण सर्वजण जाणतो.

तेलाची नळी ओली दिसली तर हात फिरवून गळती शोधू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसते, दुखतही नाही. पण तासाभराचाही विलंब न लावता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते, नाहीतर बोट वा हात गमावण्याची वेळ येते. गळती पाहावयाची तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा पुढे धरावा.

माल अडकला असता बटण बंद करणे पुरेसे नाही. मुख्य वीज तोडून तेथे कुलूप घालावे व किल्ली आत हात घालणाऱ्याच्याच खिशात असावी, दिवाणजींच्या गल्ल्यात नव्हे. वीज गेली तरी वर थांबलेला दट्ट्या खाली सरकू शकतो. त्यास लोखंडी टेकू द्यावा. मोठ्या आडव्या यंत्रांत प्रकाशाचा डोळा असतो. त्यासमोर अडथळा येताच यंत्र आपोआप चालू होते, मग तो अडथळा पुठ्ठा असो की आत उतरलेला माणूस.

दाबलेला गठ्ठा फुगू पाहतो, यास्तव दार उघडताना व तार तोडताना बाजूस उभे राहावे. बॅटऱ्या व फवाऱ्याचे डबे मालातून आधीच वेचून काढावेत. दाबाखाली ते पेट घेतात वा फुटतात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोक्याच्या भागांस कुंपण सक्तीचे केले होते. अमेरिकेत अठरा वर्षांखालील मुलांना अशी यंत्रे चालविण्यास मनाई आहे. आपल्या पेढीवर शाळेच्या सुटीत येणाऱ्या मुलांनाही, मग ती हमालाची असोत की घरची, यंत्राच्या खोलीत प्रवेश नसावा. रोजच्या तपासणीची नोंद रोजकीर्दीशेजारी वेगळ्या वहीत ठेवावी व तीवर यंत्र चालविणाऱ्याची आणि मालकाची, दोघांचीही सही असावी.